फूल की दोन पानं

सासवड रोड स्टेशन मागे पडलं की मिरजेकडे जाणारा लोहमार्ग फुरसुंगीच्या शिवारात शिरतो. ऊस आता तुकड्यातुकड्यांनी उरलाय. मधेमधे गोदामं, सोसायट्या, टँकर भरायच्या विहिरी. या गावाने गेल्या काही वर्षांत आपला कारभार दोनदा हलताना पाहिला. २०१७च्या ऑक्टोबरात फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं आणखी नऊ गावांबरोबर पुणे महापालिकेत गेली. ग्रामपंचायत बरखास्त झाली, घरपट्टीची जागा मिळकतकराने घेतली. पुढे हीच दोन गावं महापालिकेतून वगळली गेली आणि २०२४ मध्ये दोघांची मिळून स्वतंत्र नगर परिषद स्थापन झाली.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला तो असा : राज्य एका हातातून दुसऱ्या हातात जातं, तेव्हा तिथल्या माणसांना कोणी विचारतं का? मी हडपसरचा, म्हणून पहिल्यांदा गेलो तो फुरसुंगीत. तिथे बोलायला कुणी लाजत नाही. उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोने या गावांना चार दशकं भांडायला शिकवलं आहे. २०१७च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली तेव्हा ग्रामस्थांनी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या अडवून धरल्या होत्या. महापालिकेत जाण्याबद्दलही प्रत्येकाचं स्वतःचं मत आहे. नळाला पाणी येईल, रस्ते होतील म्हणून काहींना महापालिका हवी होती. कराची बिलं हातात पडल्यावर त्यांच्यातलेच काही जण उलटे फिरले. शेती असलेल्यांचं गणित वेगळं, चाळीत भाड्याने राहणाऱ्यांचं वेगळं, नव्या सोसायटीत कर्ज काढून घर घेतलेल्यांचं आणखी वेगळं. गाव आत गेलं तेव्हा आणि बाहेर आलं तेव्हाही, या सगळ्यांची मतं एका पेटीत पडून मोजली गेली असं मात्र झालं नाही.

आपल्याकडची रीत ठरलेली आहे. हद्दीत बदल करायचा तर शासन राजपत्रात मसुदा प्रसिद्ध करतं आणि हरकती व सूचना मागवतं. मुदतीत अर्ज द्यायचा, शिक्क्याची पोच घ्यायची, सुनावणीला बोलावलं तर जायचं. ज्याला मसुदा वाचता येतो, ज्याच्याकडे अर्ज लिहून देणारा माणूस आहे, ज्याला कामाचा दिवस बुडवून कचेरीत जाता येतं, त्याचं म्हणणं नोंदलं जातं. अर्ज कितीही येवोत, शेवटी ठरवणार शासनच. ही रीत निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही; तिच्यामुळे अनेक चुका वेळीच दुरुस्त झाल्या आहेत. पण हरकत मागवणं आणि माणसाला सरळ प्रश्न विचारणं यांत फार मोठं अंतर आहे.

तो सरळ प्रश्न एकदा विचारला गेला होता. हाच लोहमार्ग पुढे जिथे जातो, त्या गोव्यात. १६ जानेवारी १९६७ या दिवशी गोमंतकीयांसमोर एक मतपत्रिका ठेवली गेली. तिच्यावर दोन चित्रं होती : फूल आणि दोन पानं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं. त्या दिवशी आपण, म्हणजे महाराष्ट्र, हरलो. या हरण्याविषयी आपल्याकडे इतकं कमी लिहिलं गेलं आहे की तिथे जाऊन पाहणं मला गरजेचं वाटलं.

पुण्याहून गेलेले

गोव्यावर महाराष्ट्राचा जीव का होता, हे पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. १९५५च्या सत्याग्रहाची उभारणी इथेच झाली. गोवा विमोचन सहायक समिती पुण्यात स्थापन झाली. केशवराव जेधे, जयंतराव टिळक, शिरुभाऊ लिमये अशी परस्परांच्या राजकारणाशी फारसा मेळ नसलेली माणसं तिच्यात एकत्र आली. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोठी तुकडी हद्द ओलांडून गेली. बापट तेव्हा सत्तरी ओलांडलेले. पोर्तुगीज पोलिसांनी सत्याग्रहींना अमानुष मारलं. गोऱ्यांना लांबलचक शिक्षा झाली आणि १९५७ पर्यंत ते तुरुंगात राहिले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र माणसं सीमेवरून आत शिरली. गोळीबारात वीसहून अधिक जण मेले. त्यानंतर भारताने गोव्याशी रेल्वेची वाहतूक तोडली.

हडपसरच्या माळवाडीत साने गुरुजींच्या नावाचं रुग्णालय आहे आणि एस. एम. जोशींच्या नावाचं महाविद्यालय आहे. ही नावं ज्या समाजवादी परंपरेची, तिनेच गोव्याचा सत्याग्रहही चालवला आणि संयुक्त महाराष्ट्राचाही. त्या माणसांच्या मनात या दोन लढ्यांमध्ये भिंत नव्हती. मराठी बोलणारा, मराठी वाचणारा, मराठी नाटकं करणारा सगळा मुलूख एका राज्यात यावा, त्यासाठी मुंबईने शंभरावर बळी दिले. मग १९ डिसेंबर १९६१ला भारतीय सैन्याने पोर्तुगिजांची ४५१ वर्षांची सत्ता संपवली, तेव्हा गोवा आता महाराष्ट्राचाच, असं इथल्या अनेकांना गृहीतच वाटलं. त्यांच्या त्यागाबद्दल माझ्या मनात आदर आहे. आणि तरीही, पुढे जे झालं त्याचं मूळ याच गृहीत धरण्यात आहे, असं मला वाटतं.

कुळाचं मराठी, भाटकाराचं कोकणी

गोवा एक नाही, हे पणजीहून फोंड्याकडे जाताना कळू लागतं. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हा पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतलेला भाग, जुन्या काबिजादी. धर्मांतरं झाली, देवळं पाडली गेली, ती इथे. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, केपे, काणकोण हा भाग दोनशे-अडीचशे वर्षांनंतर त्यांच्या हाती आला. तिथे देवळं राहिली, पुजारी राहिले, मराठी भजनं आणि मराठी उत्सवी नाटकं राहिली. फोंड्याच्या देवळांत तुम्ही उभे राहा, पुण्यामुंबईच्या कितीतरी घराण्यांची कुलदैवतं तिथे आहेत. आणि साष्टीत मडगावच्या बाजाराला जा. तिथली कोकणी, तिथलं जेवण, पाव घेऊन येणारा पोदेर, गावोगावची फेस्तं, यांचं जग दुसरं आहे.

पण धर्माच्या रेषेवर सगळं मोजलं तर हिशेब चुकतो. जमिनीची रेघ तिच्याहून खोल होती. भाटकार म्हणजे जमीनमालक, त्याच्या भाटात राहणारा मुंडकार, त्याचं शेत कसणारा कूळ. मुंडकाराचं घर स्वतःच्या हातांनी बांधलेलं, पण जमीन भाटकाराची. त्यामुळे घरावर नवी कौलं घालायची तरी परवानगी लागायची. भाटकार हिंदूही होते, ख्रिस्तीही होते. पोर्तुगीज गेल्याने मुंडकाराच्या आयुष्यात आपोआप काही बदललं नव्हतं.

१९६३च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली, तेव्हा या माणसांनी दयानंद बांदोडकरांच्या बाजूने कौल दिला. ते खाणमालक होते, बहुजन समाजातले होते, देणग्या देण्यात सढळ होते. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची निशाणी सिंह. पक्षाच्या नावातच मागणी लिहिलेली. गोव्यातून काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही, आणि दिल्लीत या गोष्टीचा धक्का बसला. कुळाच्या दृष्टीने महाराष्ट्र म्हणजे कसेल त्याची जमीन करणारं राज्य. मराठी म्हणजे पोराला शाळेत बसवणारी भाषा. बांदोडकरांनी खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या आणि पिढ्यानपिढ्या शाळेचं तोंड न पाहिलेल्या घरांतली मुलं मराठी पाटीवर अक्षर गिरवू लागली. फोंड्याकडची म्हातारी माणसं आजही भाऊसाहेबांचं, म्हणजे बांदोडकरांचं, नाव घेताना हात जोडतात. मराठीचा आग्रह तिथे पुण्याहून आयात झाला नव्हता. जो म्हणेल की विलीनीकरणाची मागणी महाराष्ट्राने बाहेरून लादली, त्याने या शाळा पाहाव्यात.

दुसरी बाजूही तितकीच खरी. डॉ. जॅक डी सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष, निशाणी हात, विरोधात बसला. साष्टीतल्या ख्रिस्ती माणसाला दिसत होतं ते असं : गोव्यात आपण एकतृतीयांशाहून अधिक आहोत, महाराष्ट्राच्या चार कोटींत आपला मागमूस राहणार नाही. कोकणी मराठीची बोली ठरवली जाईल. सरकारी नोकऱ्यांत बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेली माणसं आधीच मोक्याच्या जागांवर बसली होती. उद्या तेच कायमचे साहेब होतील. महाराष्ट्रात दारूबंदी होती. ज्या गावात माडाची सूर काढणारा रेंदेर आणि काजूची भट्टी लावणारा शेतकरी यांच्यावर कित्येक घरं चालत, तिथे हा प्रश्न नीतीचा नव्हता, पोटाचा होता. आणि मुंबई लांब होती. पणजीहून बोटीने रात्रभराचा प्रवास करून सचिवालयात अर्ज द्यायचा, हे चित्र विरोधकांनी लोकांपुढे उभं केलं, आणि शेजारच्या रत्नागिरीकडे बोट दाखवलं. कोकणातला तो जिल्हा महाराष्ट्रातच होता ना? त्याची माणसं मुंबईच्या गिरण्यांत राबत होती आणि गावं मनीऑर्डरीची वाट पाहत होती. या प्रश्नाचं चांगलं उत्तर तेव्हा आपल्याकडे नव्हतं.

विचारायचं कुणाला, कसं

या सगळ्या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग प्रचाराचा किंवा निकालाचा नाही. तो आहे मतदानाच्या आधीच्या दोन वर्षांचा, प्रश्न कसा विचारायचा यावर झालेल्या झगड्याचा.

जानेवारी १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही त्याच वर्षी पाठिंब्याचा ठराव केला. लोकनियुक्त सभागृहाने बहुमताने मागणी केली आहे, आता आणखी काय हवं, असं बांदोडकरांच्या बाजूचं म्हणणं. सिक्वेरांचं म्हणणं असं की माणूस आमदार निवडतो तेव्हा तो रस्ता, शाळा, जात, ओळख, उपकार असं पुष्कळ काही निवडतो. आपल्या प्रदेशाचं अस्तित्व कायमचं मिटवायचा अधिकार तो आमदाराला देत नाही. तो प्रश्न त्याला स्वतंत्रपणे विचारला पाहिजे. नेहरूंनी गोव्याचं वेगळेपण राखण्याचं आश्वासन दिलं होतं, पण ते १९६४ मध्ये गेले. त्यांच्या मागे शास्त्री, मग इंदिरा गांधी. गोवा काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर दिल्लीत एकेका नेत्याचं दार ठोठावत राहिले. हिंदू, गांधीवादी, पोर्तुगिजांच्या कैदेत राहिलेला हा माणूस विलीनीकरणाच्या विरोधात उभा होता, ही गोष्ट दिल्लीत वजनाची ठरली.

शेवटी दिल्लीने मान्य केलं की थेट लोकांना विचारायचं. भारतीय संविधानात सार्वमताची सोय नाही, म्हणून संसदेने १९६६च्या डिसेंबरात त्यासाठी वेगळा कायदा केला. दमण आणि दीवच्या लोकांना महाराष्ट्राऐवजी गुजरातविषयी विचारायचं ठरलं.

मग आला पुढचा प्रश्न : सरकार बांदोडकरांचं, तलाठ्यापासून पोलिसांपर्यंत यंत्रणा त्यांच्या हाताखाली, आणि कौल त्यांच्याच मागणीवर. विरोधकांनी मागणी केली की सरकारने आधी पायउतार व्हावं. ३ डिसेंबर १९६६ला बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीखाली मतदान झालं. बहुमत असलेल्या मुख्यमंत्र्याने एका प्रश्नावरच्या मतदानासाठी खुर्ची सोडली. भाऊसाहेबांच्या चाहत्यांनी ही गोष्ट त्यांच्या शाळांइतकीच अभिमानाने सांगायला हवी.

गोव्याबाहेर, मुंबईत, आफ्रिकेत, आखातात राहणाऱ्या गोमंतकीयांनाही मत द्यावं ही सिक्वेरांची मागणी मात्र फेटाळली गेली. आणि पर्याय दोनच ठेवले गेले. स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय कागदावर नव्हता. तो असता तर किती जणांनी कुणीकडे मत दिलं असतं, हा वाद गोव्यात अजून होतो. मतपत्रिका कोरी करकरीत न्याय्य कधीच नसते. तिच्यावर काय छापायचं हे कुणीतरी ठरवतं, आणि तिथेच अर्धी लढाई होऊन जाते. सिंह आणि हात या पक्षांच्या निशाण्या बाजूला ठेवून फूल आणि पानं दिली, हेही समजून-उमजून झालेलं काम होतं. मतदाराने नेत्याचा विचार घरी ठेवून प्रश्नाकडे पाहावं, एवढी संधी तरी त्या दोन चित्रांनी दिली.

मराठी वर्तमानपत्राची लढाई

मडगावहून निघणारं ‘राष्ट्रमत’ हे दैनिक या कौलात विलीनीकरणाच्या विरोधातलं सर्वांत धारदार हत्यार होतं. ते मराठी होतं. चंद्रकांत केणी संपादक होते आणि तरुण उदय भेंब्रे त्यात ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत. महाराष्ट्रात जाऊ नका, हे गोव्यातल्या हिंदू वाचकाला पटवायचं तर त्याला वाचता येणाऱ्या भाषेतच सांगावं लागणार होतं, आणि ती भाषा मराठी होती. पुण्यात बसून आपण भाषा आणि राज्य यांची गाठ जन्माची समजतो. ‘राष्ट्रमत’च्या मराठीने ती गाठ रोज सकाळी सोडवून दाखवली.

लिहिता-वाचता न येणाऱ्यांपर्यंत उल्हास बुयांव यांचा आवाज गेला. त्यांच्या कलापथकाने गावोगाव कोकणी गाणी म्हटली. मनोहरराय सरदेसाईंसारख्या कवींनी या काळात लिहिलं. मोकळ्या जागेत पेट्रोमॅक्स लावून कार्यक्रम व्हायचे, हे मडगावात अजून आठवणीने सांगतात. विलीनीकरणाच्या बाजूनेही तितकाच जोर होता. महाराष्ट्रातून पुढारी आणि शाहीर आले, सभा गाजल्या. पण बाहेरून आलेला वक्ता जितका जोरात बोले, तितका ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राही की हे आपल्याला नेणार कुठे आहेत. दारूबंदी गोव्याला लावणार नाही, नोकऱ्या जपू, अशी आश्वासनं महाराष्ट्राच्या बाजूने दिली गेली. ज्यांना ती हवी होती त्यांच्यापर्यंत ती पोचली तेव्हा मनं बनून चुकली होती.

त्या दिवशी मत दिलेला सगळ्यात तरुण मतदारही आज ऐंशीच्या आसपास आहे. मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं. मी ज्यांच्याशी बोललो त्यांना आपण फुलाला दिलं की पानांना, हे सांगताना अजून क्षणभर आजूबाजूला पाहावंसं वाटतं. घराघरांत भांडणं झाली होती. एकाच देवळाचे महाजन दोन बाजूंना होते. तरीही मतदानाचा दिवस शांततेत गेला, आणि याचं कौतुक दोन्ही बाजूंची माणसं सारखंच करतात.

चौतीस हजार एकवीस

३,८८,४३२ मतदार होते. ३,१७,६३३ जणांनी मत दिलं, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ब्याऐंशींनी. पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

हे आकडे मी पुन्हापुन्हा पाहिले, कारण त्यांच्यात माणसं दिसतात. गोव्यात तेव्हा सुमारे साठ टक्के हिंदू होते. कौल केवळ धर्मावर झाला असता तर फूल सहज जिंकलं असतं. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या पट्ट्यात फूल फुललं. साष्टी आणि तिसवाडी पानांकडे गेली. पण पानं जिंकली ती हिंदू मतांच्या जोरावर, मराठी वाचणाऱ्या हिंदूंच्या. मराठीवर प्रेम करणाऱ्या हजारो माणसांनी महाराष्ट्राला नकार दिला. आणि सतरा हजारांच्या वर थोडीशी माणसं फिरली असती तर उलटा निकाल लागला असता, हेही विसरता येत नाही. एवढ्या थोड्या फरकावर एक प्रदेश नकाशावर वेगळा उरला. हरलेल्या एक लाख अडतीस हजारांनी तो निकाल मानला.

मग जे झालं त्याने मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं. दोन-अडीच महिन्यांत, मार्च १९६७च्या अखेरीस, विधानसभेची निवडणूक झाली. ज्यांची एकमेव मोठी मागणी लोकांनी नुकतीच फेटाळली होती ते बांदोडकर पुन्हा निवडून आले आणि पुन्हा मुख्यमंत्री झाले. सिक्वेरा पुन्हा विरोधी बाकावर. लोकांनी प्रश्नाचं उत्तर एक दिलं आणि माणूस दुसरा निवडला. सिक्वेरांचं म्हणणं त्यांच्याच पराभवाने सिद्ध झालं : निवडणुकीतलं मत म्हणजे प्रत्येक प्रश्नावरचं मत नसतं. अडाणी म्हणून ज्यांची संभावना होई त्या मतदारांनी हा भेद किती सहजपणे केला! आज मिरामारच्या किनाऱ्यावर भाऊसाहेबांची समाधी आहे आणि तिथून पुढे दोनापावलाला सिक्वेरांचा पुतळा. गोव्याने दोघांनाही ठेवून घेतलं.

न विचारलेले

मुलूख एका सत्तेकडून दुसरीकडे जाताना लोकांना विचारण्याची पद्धत जगात फार नाही. आपल्याकडे जुनागढमध्ये १९४८ला आणि चंदननगरमध्ये १९४९ला मतदान झालं, दोन्हीकडे निकाल जवळजवळ एकतर्फी. पाँडिचेरीचा निर्णय १९५४ मध्ये किळूर इथे १७८ प्रतिनिधींनी घेतला. १७० भारताच्या बाजूने, ८ विरोधात. तिथे सामान्य माणसाला मतपत्रिका मिळाली नाही.

हाँगकाँगचं उदाहरण मला आपल्या हरकती-सूचनांच्या फार जवळचं वाटतं. १९८४ मध्ये ब्रिटन आणि चीन यांनी १९९७ला हाँगकाँग चीनकडे सोपवण्याचा करार ठरवला. मग लोकमत अजमावायला एक कार्यालय उघडलं गेलं, लोकांनी पत्रं पाठवली. पण करार बदलणार नव्हता. तो स्वीकारा, नाहीतर कराराविनाच चीनकडे जा, एवढंच समोर होतं. तीन वर्षांनी विचारलं गेलं की १९८८ मध्ये विधिमंडळाच्या काही जागा थेट निवडणुकीने भरायच्या का. लोकांनी सह्यांच्या मोहिमा काढल्या, दोन लाखांवर सह्या झाल्या. सरकारी कार्यालयाने त्या सह्या वेगळ्या ठेवल्या. विरोधातली छापील नमुन्याची पत्रं मात्र एकेक मत म्हणून धरली गेली. निष्कर्ष निघाला की लोकांना इतक्यात निवडणूक नको आहे. पहिली थेट निवडणूक १९९१ पर्यंत लांबली आणि १९९७ तर समोर येऊन ठेपलं होतं. शेवटचे गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनी नव्वदच्या दशकात मतदानाचा पाया रुंदावला, तेव्हा चीनने ते मानलं नाही आणि हस्तांतर होताच ती रचना मोडीत काढली. लोकमत मोजण्याचं काम ज्याच्या हातात, त्याला नको असलेलं मत हलकं करायची जागा सापडते. फुरसुंगीत अर्जाची पोच जपून ठेवलेल्या माणसांची आठवण मला हे वाचताना आली.

आणि मकाव. गोव्याचेच जुने मालक, पोर्तुगाल, २० डिसेंबर १९९९ला ते चीनकडे सोपवून गेले. मकावच्या रहिवाशाला फूल की पानं असं कुणीही विचारलं नाही.

बेळगावचं काय

गोव्याहून परतताना लोंढ्याच्या पुढे बेळगाव लागतं, आणि मराठी माणसाला तिथे थांबून विचार करावाच लागतो. १९५६ मध्ये बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात घातलं गेलं. गोव्यात सत्याग्रहींच्या पुढे चाललेले सेनापती बापट १९६६ मध्ये या सीमाप्रश्नासाठी उपोषणाला बसले. त्याच वर्षीच्या २५ ऑक्टोबरला महाजन आयोग नेमला गेला. गोव्याचा कौल तेव्हा तीन महिन्यांवरही नव्हता. एकीकडे मतपेट्या जात होत्या आणि शेजारी, तसाच प्रश्न असलेल्या मुलखात, आयोग साक्षी नोंदवायला निघाला होता. आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. बेळगाव शहर महाराष्ट्राला मिळालं नाही. २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे.

महाराष्ट्राची सीमाभागातली भूमिका चार गोष्टींवर उभी आहे : खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. ही भूमिका मला न्याय्य वाटते. पण लोकेच्छा मागताना आपण गोव्याचा उल्लेख टाळतो. तिथे आपण भाषा पुढे केली, लोकांनी इच्छा सांगितली, आणि ती आपल्या विरोधात गेली. ती लोकेच्छा होती हे आपण मोकळेपणाने म्हटलं, १६ जानेवारी १९६७चा दिवस आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रामाणिकपणे लिहिला, तर बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी माणसाला आपण दिलेला शब्द अधिक वजनाचा होईल. गोव्यात मानलेला कौल हा बेळगावसाठी सगळ्यात चांगला पुरावा आहे : या देशात असं विचारता येतं, आणि विचारल्यावर देश फुटत नाही.

फुलाला मत दिलेल्यांचं पुढे

जिंकलेल्यांची कहाणी माहीत आहे. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराला कायद्यात जागा राहिली, आणि ३० मे १९८७ला गोवा घटक राज्य झाला. १६ जानेवारी तिथे अस्मिताय दीस म्हणून पाळतात.

मला जाणून घ्यायचं होतं ते हरलेल्या कुळांचं काय झालं. बांदोडकर १९७३ मध्ये वारले, त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. कूळकायद्यातल्या दुरुस्तीने १९७६ मध्ये कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं. महाराष्ट्राकडून ज्याची आशा धरून लोकांनी फुलावर शिक्का मारला होता, ते गोव्याच्या स्वतःच्या विधानसभेने दहा वर्षांच्या आत केलं, आणि ज्या पक्षाला महाराष्ट्रात जायचं होतं त्यानेच केलं.

अंमल मात्र सावकाश झाला. जमीनमालक न्यायालयात गेले, कागद सापडेनात, नावं लागेनात. मुंडकारांचे दावे अजूनही मामलेदारांच्या कचेऱ्यांत पडून आहेत. मूळ अर्जदार गेले, आता नातवंडं तारखेला येतात. हातातल्या पिशवीत घराचा जुना नकाशा, घरपट्टीच्या पावत्या आणि आजोबांच्या नावाचा अर्ज असतो.